टाकाऊ लाकडापासून शोभेची चुंबके व कीचेन

गोव्यातील सुतारकामाच्या ठिकाणी दिवसाअखेरीस भुशाच्या ढिगाबरोबर लाकडाचे लहानमोठे तुकडेही झाडून बाहेर टाकले जातात. चौकटीची कापलेली टोके, दाराच्या फळ्यांच्या कडा, पलंगाच्या पायाची उरलेली वीतभर लांबी असे हे तुकडे बहुधा चुलीत जातात. त्यांत साग असतो, फणस असतो, क्वचित शिसवही सापडतो. फ्रिजच्या दारावर लावावयाची शोभेची चुंबके आणि कीचेन यांना लागणारे लाकूड इतके थोडे असते, की अशा तुकड्यांतून ती सहज तयार होऊ शकतात. आणि पर्यटकांच्या येण्याजाण्यामुळे त्यांना गिऱ्हाईकही मिळते. त्यामुळे घरगुती उद्योग म्हणून हे काम अनेकांना सोपे वाटते. गिऱ्हाईक समोरची बाजू पाहून वस्तू घेते हे खरे. परंतु ती वस्तू टिकणार की वर्षाच्या आत मोडणार, हे तिच्या पाठीमागच्या आणि आतल्या कामावर ठरते. प्रस्तुत लेखात त्या न दिसणाऱ्या कामाचाच विचार प्राधान्याने केला आहे.

लाकडाची पारख

गोव्यातील कुंकळ्ळी, शेजारची सावंतवाडी, बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, मध्य प्रदेशातील बुधनी, तेलंगणातील निर्मल ही सर्व लाकडी कलाकामाची नावाजलेली ठिकाणे होत. बुधनीचे कारागीर दुधीचे आणि निर्मलचे कारागीर पोणिकीचे हलके लाकूड मुद्दाम निवडून घेतात. टाकाऊ तुकड्यांवर काम करणाराला ही निवड नसते. हाती येईल त्या लाकडाचा स्वभाव त्याला ओळखून घ्यावा लागतो.

काही तुकडे मात्र सरळ बाजूला टाकावेत. टाचणीएवढी भोके असलेला तुकडा कागदावर आपटून पाहावा. बारीक पूड पडल्यास आत कीड जिवंत असण्याचा संभव असतो, व तो एक तुकडा सगळा साठा बिघडवू शकतो. जुन्या खिडक्यांचा रंग खरवडू नये, कारण पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडी चौकटींवर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही रोमन अक्षरे असल्यास लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते; ‘एमबी’ असल्यास मिथाइल ब्रोमाइड हा विषारी धूर दिलेला असतो, म्हणून ते वापरू नये. प्लायवुडच्या कडा दमट हवेत फुगतात. कीचेनसाठी ते निरुपयोगीच.

ओल आणि आकसणे

लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेने मात्र, ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत, ते जातीनुसार शेकडा ५ ते १० पर्यंत आकसू शकते. पन्नास मिलिमीटरच्या वस्तूत हा फरक किरकोळ वाटेल. परंतु त्या लाकडात न आकसणारी चुंबकाची चकती बसवायची असते, आणि बिघाड होतो तो तेथेच. पावसाळ्यात किनारपट्टीवर तयार केलेली वस्तू एखादा पर्यटक इंदूरला किंवा ग्वाल्हेरला घेऊन जातो. तेथील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आवळते, चकती आवळत नाही, आणि भोकाच्या कडेपासून चीर निघते. कारागिराला याचा पत्ताही लागत नाही. पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक फक्त दुसऱ्या दुकानात जाते.

यावर दोन उपाय आहेत. तुकडे सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने रचून वाळवावेत आणि त्यांतील एकाचे वजन दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर करावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की लाकूड तेथील हवेशी जुळले असे समजावे. पावसाळ्यात वजन स्थिर झाले तरी लाकडात ओल अधिक असते, म्हणून वर्षभराचा माल शक्यतो मार्च ते मे या महिन्यांत कापून ठेवणे इष्ट. दुसरा उपाय भोकाच्या मापाचा. चकती १८ मि.मी. व्यासाची असेल तर भोक पाऊण इंची गिरमिटाने, म्हणजे सुमारे १९ मि.मी. पाडावे. गोंद केवळ तळाशी लावावा. कडेची मोकळी फट भरू नये.

कामाचा क्रम

नवशिका कारागीर प्रथम काजूच्या बोंडाचा किंवा होडीचा आकार कापतो आणि मग तो इवलासा तुकडा बोटांत धरून भोक पाडू लागतो. बोटांना इजा होते ती अशाच वेळी. क्रम याच्या उलट असावा. सुमारे ३०० मि.मी. लांब, ६० मि.मी. रुंद व ८ मि.मी. जाड पट्टी घ्यावी, ती दोन्ही अंगांनी रंधून घ्यावी, तिच्यावर सर्व आकार आखावेत, आणि पट्टी शिकंज्यात घट्ट आवळलेली असतानाच चुंबकाची व कडीची सर्व भोके पाडून घ्यावीत. पृष्ठभागावर आधी ८०, मग १२०, शेवटी २२० क्रमांकाचा पॉलिश कागद तंतूंच्या दिशेने फिरवावा. यानंतरच बारीक पात्याच्या करवतीने आकार सुटे करावेत व कडा कानशीने गोलसर कराव्यात. घासताना नाकातोंडावर मुखपट्टी असावी. शिसवाची धूळ काहींच्या अंगावर पुरळ आणते.

आखताना तंतूंची दिशा पाहणे अगत्याचे आहे. कीचेनची लांबी नेहमी तंतूंच्या दिशेने धरावी. मासा आडवा आखला तर त्याची शेपटी जेथे निमुळती होते तेथे तंतू तोकडे पडतात, आणि खिशात दाब आला की ती नेमकी तेथेच तुटते. कडीचे भोक ५ मि.मी. चे असावे व टोकापासून किमान १० मि.मी. आत असावे. टोकाच्या आडव्या छेदात आकड्याचा स्क्रू फिरवून कडी अडकवण्याची पद्धत बाजारात दिसते. ती दिसायला नीटस असली तरी तेथे स्क्रूची पकड सर्वांत कच्ची असते, म्हणून आरपार भोकच बरे.

चुंबक कोणता?

काळा, मातीच्या भांड्यासारखा दिसणारा फेराइटचा चुंबक आणि चांदीसारखा चकचकीत निओडिमियमचा चुंबक असे दोन प्रकार सर्वत्र मिळतात. दुसऱ्याची शक्ती पहिल्याच्या सुमारे दहापट असते. साहजिकच सर्वांची ओढ दुसऱ्याकडे असते. परंतु वरील मापाच्या सागवानी तुकड्याचे वजन १५ ग्रॅमच्या आसपासच भरते, आणि एवढा भार १८ मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाडीची फेराइटची चकती पेलू शकते. फेराइट गंजत नाही; निओडिमियमवरील निकेलचा मुलामा उडाला की खाऱ्या हवेत तो पाहता पाहता गंजतो.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न मुलांचा आहे. दोन जोरकस चुंबके एखाद्या मुलाने गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली आतडी चिमटली जाते, तिला छिद्र पडते व शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. सुरुवातीला मुलाला केवळ पोटदुखी व उलटी होत असल्याने घरच्यांना संशयही येत नाही. भारतात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. शोभेचे चुंबक हे खेळणे नव्हे. पण त्यावर हत्ती किंवा बदक रंगवले की मुलाच्या दृष्टीने ते खेळणेच होय. म्हणून घरगुती उत्पादनात फेराइटच वापरावा, आणि वस्तूचा आकार ४५ मि.मी. पेक्षा लहान ठेवू नये.

चकती पक्की बसवण्यासाठी सुतारांचा पांढरा सरस चालत नाही. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो व आपटल्यास सुटतो. दोन नळ्यांतील इपॉक्सी समभाग घेऊन वापरावी. साग तेलकट असल्याने भोकाचा तळ स्पिरिटने पुसून घ्यावा, चकतीची पाठ पॉलिश कागदाने खरखरीत करावी आणि २४ तास हात लावू नये. भोक २.८ मि.मी. खोल पाडल्यास चकती पृष्ठभागाच्या किंचित वर राहते. ती एक मिलिमीटर जरी आत गेली तरी पकड बरीच कमी होते. तयार नग लोखंडी कपाटावर, खाली घडी केलेला कागद धरून, रात्रभर ठेवावा. सकाळी तो खाली सरकलेला आढळला तर विक्रीस काढू नये. काही फ्रिजची दारे काचेची किंवा चुंबकाला न जुमानणाऱ्या पोलादाची असतात, हे विकतानाच सांगितलेले बरे.

शेवटचा हात

चुंबकाला चपड्या लाखेचे पॉलिश शोभते. कीचेनला मात्र ते देऊ नये, कारण हात स्वच्छ करण्याच्या द्रवात अल्कोहोल असते व त्याने लाख विरघळते. तेथे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवून, पुरतात. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

किंमत ठरवताना लाकूड फुकट मिळाले म्हणून वस्तू स्वस्त द्यावी, असा विचार केला जातो, आणि बहुतेक घरगुती उद्योग येथेच बसतात. समजा, ३० नगांना एकूण १० तास लागले. वरवर पाहता एका नगाला २० मिनिटे पडतात. पण तीन नग चिरले किंवा परीक्षेत सरकले, तर विकण्याजोगे २७ उरतात व प्रत्येकामागे २२ मिनिटांहून थोडी अधिक मजुरी चढते. तीत चकती, कडी, इपॉक्सी, तेल, वेष्टन आणि दुकानदाराची दलाली मिळवावी. दुकानदार त्याहून कमी भाव सांगत असल्यास आकार साधा करावा, कापाकापी कमी करावी. चकतीच्या व गोंदाच्या खर्चाला हात लावू नये.