फिरतं चक्र थांबवणाऱ्यांचं काम

मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या मोहगावातल्या पोराने मोबाइलवर सिनेमा लावला की आधी गोल चक्र फिरतं. घरच्यांच्या लेखी हा अभ्यास बुडवण्याचा वेळ. पण ते चक्र लवकर थांबवणं हा काहींचा पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्याचं खरं भांडवल गणित आहे. कृष्णन आणि सीतारामन या संशोधकांनी २०१२ साली सुमारे २.३ कोटी वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा हिशेब मांडला. दोन सेकंदांनंतर प्रेक्षक निघून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला ही गळती सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढते. गंमत म्हणजे फायबरवाले आधी कंटाळतात, मोबाइलवाले जास्त दम धरतात. तेव्हा ‘नेट सुधारलं की हे काम संपेल’ या म्हणण्यात दम नाही. नेटबरोबर लोकांची घाईही वाढते.

‘प्ले’ दाबल्यावर फोन सर्व्हरचा पत्ता विचारतो, जोडणी करतो, व्हिडिओच्या तुकड्यांची यादी मागवतो, मग पहिला तुकडा. दरवेळी एक जा-ये. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १३ हजार किलोमीटरवर असला तर चार फेऱ्यांतच अर्धा सेकंद गेला. म्हणून नेटफ्लिक्स आपली यंत्रं इंटरनेट कंपन्यांच्या दारात ठेवतं आणि गर्दी नसताना त्यांत सिनेमे भरून घेतं. उद्या कुठे काय पाहिलं जाईल, हा अंदाज म्हणजे संख्याशास्त्र. बाजाराचा कल ओळखून आदल्या रात्रीच संत्र्याची गाडी नागपूरला रवाना करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. सुरुवातीचं चित्र अंधूक दिसतं तेही बहुधा मुद्दाम: हलका तुकडा आधी पोचतो.

‘असल्या नोकऱ्या मोजक्या, त्याही बंगळुरूत,’ ही शंका रास्तच. पण गर्दीत कोणाला किती थांबावं लागेल हे सांगणारं रांगेचं गणित व्हिडिओपुरतं नाही. डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली ते टेलिफोनसाठी मांडलं; आज बँक, दवाखाना, रेल्वे आरक्षण, सगळीकडे तेच चालतं. कोड एआय लिहील, असंही म्हणतात. लिहू दे. चित्राची स्पष्टता घटवायची की प्रेक्षकाला थांबवायचं, हे मोजून ठरवणारा माणूस तरीही लागेलच. म्हणून इंजिनिअरिंगच्या शाखेच्या चकचकीत नावामागे न लागता संभाव्यता आणि नेटवर्क हे विषय पक्के करावेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत.

आणि अकरावीला नागपूर गाठण्याआधी एक पाहून घ्या. एनआयटी म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधल्या निम्म्या जागा गृहराज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि गृहराज्य ठरतं ते बारावी जिथून पास झालात त्यावरून, आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नव्हे. सौंसरहून बारावी केली तर भोपाळचं मॅनिट घरचं, नागपूरहून केली तर व्हीएनआयटी.