लाजेचे दुखणे आणि खिशातला फोन

संध्याकाळची वेळ होती. हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. आम्हीही पिशवी घेऊन गेलो होतो. तेवढ्यात एका खलाशाने आम्हांला बाजूला नेले. तो आमचाच जुना विद्यार्थी. चौथीत शाळा सुटलेली.

त्याने फोन पुढे केला. म्हणाला, “गुरुजी, एवढं वाचून बघा. हे खरं आहे काय?”

आम्ही वाचले. व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवले होते : ‘गुप्तरोग सात दिवसांत मुळापासून बरा. डॉक्टरकडे जाऊ नका. पैसे आधी पाठवा.’

खाली डॉक्टरचे नाव नाही, गावाचे नाव नाही. फक्त एक नंबर.

“पैसे पाठवलेस का रे?”

“पाठवले गुरुजी. पुडी आली, ती खाल्ली. फोड सुकला. पण मनात शंका राहिली.”

“बायकोला सांगितलंस?”

त्याने मान खाली घातली. बायको पाच महिन्यांची गरोदर होती.

फोड सुकला, रोग गेला नाही

मंडळी, इथेच माणूस फसतो. गरमी नावाचा रोग संबंधातून लागतो. पहिला फोड बहुधा दुखत नाही. काही आठवड्यांत तो आपोआप सुकतो. पुडी घेतली तरी सुकतो, नाही घेतली तरी सुकतो. रोग मात्र रक्तात राहतो. नवऱ्याकडून तो बायकोला लागतो. बायकोकडून पोटातल्या बाळाला लागतो. बाळ दगावूही शकते.

यावर उपाय आहे. रक्त तपासून रोग कळतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तो बरा होतो. पण उपचार नवरा-बायको दोघांनाही हवा. एकालाच दिला तर रोग पुन्हा फिरून येतो.

आम्ही त्याला म्हणालो, “बाबा रे, ताप आला तर लाजतोस काय? हाही एक रोगच. उद्या दोघं सरकारी दवाखान्यात जा.” तो गेला. दोघांच्याही रक्तात रोग निघाला. दोघांना इंजेक्शने मिळाली. पुढे बाळ सुखरूप जन्मले.

मुरूडचे कर्वे

मग फोन वाईट काय? नाही. लाजऱ्या माणसाला घरबसल्या विचारता येते, ही चांगलीच सोय आहे. पूर्वी ती सोय आपल्या जवळच्याच गावच्या एका माणसाने केली होती.

हर्ण्याजवळ मुरूड आहे. तिथे १८८२ साली रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. महर्षी कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईत ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. तरी ते डगमगले नाहीत. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. लोक पत्राने खाजगी प्रश्न विचारीत. कर्वे मासिकातून सरळ उत्तर देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक चालूच ठेवले. १९५३ साली ते वारले, तोवर ते चालवले.

कर्वे आपले नाव लिहून उत्तर देत. पुडीवाला नाव लपवतो. फरक एवढाच, पण तोच मोठा आहे.

फोनवर काय पाहावे?

फोनवर अशी माहिती आली की तीन गोष्टी विचारा.

१. सांगणारा कोण? नाव, गाव, दवाखाना दिला आहे काय?

२. तो काही विकतो आहे काय? गुप्तरोग बरा करतो, ताकद वाढवतो, अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरात दिसली की सावध व्हा.

३. तो डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो काय? म्हणत असेल तर तो आपला हितचिंतक नव्हे.

एच.आय.व्ही.बद्दल किंवा संबंधातून लागणाऱ्या रोगांबद्दल विचारायचे असेल तर १०९७ हा सरकारी नंबर लावा. त्याला पैसे पडत नाहीत. आपले नाव सांगावे लागत नाही. एच.आय.व्ही.ची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. निरोध नीट वापरला तर या रोगांपासून पुष्कळ बचाव होतो.

आणखी एक. फोनवर चांगली माहिती आली तर चार जणांना पाठवा. पण कोणाच्या आजाराची बातमी पाठवू नका. विश्वासाने कळलेली एच.आय.व्ही.ची गोष्ट त्या माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. आणि कायदा नसता तरी ते माणुसकीला धरून झाले नसते. गावात बोभाटा होईल या भीतीनेच लोक दवाखाना टाळतात आणि पुडीवाल्याच्या हाती सापडतात.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. फोनवर आलेले सारे वाचा. पण वाचले ते सारे खरे, असे मानू नका.

प्रश्न

१. फोड सुकल्यावरही रक्त का तपासावे?

२. नवरा-बायको दोघांनाही उपचार का हवा?

३. तुमच्या फोनवर औषधाचा एखादा निरोप आला असेल तर तो वर्गात वाचा. वरचे तीन प्रश्न त्याला लावून पाहा.