तलावांच्या तळाची कुरणे

समुद्रगवताचे नाव चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात क्वचितच ऐकू येते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढणारे हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळे, पाने व फुले असलेली ती खरीखुरी वनस्पती आहे. तिची कुरणे गाळ धरून ठेवतात, कर्ब साठवितात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. समुद्रगाईचे तर ते मुख्य अन्न होय. म्हणूनच तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात समुद्रगाईसाठी राखीव क्षेत्र घोषित केले.

अशी कुरणे गोड्या पाण्यातही असतात. हायड्रिला व व्हॅलिसनेरिया या तलावांतील पाणवनस्पती आणि हॅलोफिला हे समुद्रगवत एकाच वनस्पतिकुलातील आहेत, आणि त्यांचे कार्यही बरेचसे सारखेच आहे.

तलावांचा मुलूख

मार्कंडा येथे उत्तरवाहिनी होणारी वैनगंगा ज्या प्रदेशातून वाहत येते, तो तलावांचा मुलूख आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांपैकी अनेक बांधले. धानाला पाणी आणि ढिवर समाजाला मासळी, असा त्यांचा दुहेरी उपयोग.

ऱ्हासाची कारणे

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. तलाव शासनाकडे आले; परंतु देखभालीची जुनी गावव्यवस्था विस्कळीत झाली. काठावर बेशरम माजली. गवत्या मासा सोडल्यास तो पाणवनस्पती फस्त करतो. गाळ उपसताना सबंध तळ खरवडला, तर मातीतील कंद व बीही निघून जाते. कुरण गेले की स्थानिक माशांना अंडी घालण्यास जागा उरत नाही, पाणपक्षीही पाठ फिरवितात. त्याचा पहिला फटका ढिवर कुटुंबांना बसतो.

एक आश्वासक प्रयत्न

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवरांच्या सहकार्याने या प्रश्नावर काम केले आहे. बेशरम उपटावयाची, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरावयाचा आणि पावसाचे पाणी साचू लागताच निवडक पाणवनस्पती लावावयाच्या, अशी ही पद्धत आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला उपयोगी, हे ज्ञान मासेमारांकडे पूर्वीपासूनच होते. येथे त्याला अभ्यासाची जोड मिळाली.

पंचायतींचे कर्तव्य

गाळ काढताना तळाचा काही भाग अस्पर्श ठेवावा. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी मच्छीमार सहकारी संस्थेचा विचार घ्यावा. खतांचे पाणी थेट तलावात उतरू देऊ नये; त्याने काही वनस्पती बेसुमार वाढून पाणी कोंडते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावतलावातील वनस्पतींची नोंदवही करून घ्यावी.

समुद्रगवताच्या क्षेत्रांना किनारा नियमन अधिसूचनेचे संरक्षण लाभले आहे. गावतलावाच्या तळावरील कुरणाचे रक्षण मात्र प्रामुख्याने गावालाच करावयाचे आहे.