तंबाखूवरील कर : नावे कोणाच्या, भरतो कोण

धान्याच्या व्यापाऱ्याने तंबाखूवर लिहावे हे सभासद बंधुभगिनींस काहीसे विपरीत वाटेल. परंतु निपाणी-चिकोडी भागात ज्याची धान्याची पेढी आहे, त्याला तंबाखूपासून अलिप्त राहता येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडून ज्वारी आणि डाळ उधारीने नेणारा शेतकरी तंबाखूचा पैसा हाती आल्यावरच खाते चुकते करी. वखारीत पाला कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांच्या घरचे धान्य मजुरीच्या दिवशी खरेदी होई. पाल्याचा भाव पडला की आमची वसुली थांबली, असा हा संबंध आहे. यामुळे सरकारने तंबाखूवर कर बसविला वा उठविला की त्याचा शेवट कोठे होतो, हे आम्हांस पुस्तकांत शोधावे लागले नाही. ते खातेवहीत उमटत आले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा विद्वानांची परिभाषा येथे मिळणार नाही, जमाखर्चाची मिळेल.

अपायकारक वस्तूवर कर लावावा हा विचार नवा नाही. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू या देशी आली. सन १६०४च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला असता त्याने ती तेथे पाहिली आणि बादशहाकडे नेली. त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूवरील जकात पौंडामागे २ पेन्सांवरून एकदम ६ शिलिंग १० पेन्सांवर नेली. शिलिंगाचे पेन्स बारा. म्हणजे २ चे ८२ झाले, एकेचाळीस पट! राजाला तंबाखूचा मनापासून तिटकारा होता आणि लोकांनी ती सोडावी अशी त्याची इच्छा होती. लोकांनी तंबाखू सोडली नाही, जकातीचे नाके मात्र सोडले. चोरटा माल वाढला आणि थोड्याच वर्षांत राजाला जकात पुष्कळ खाली आणावी लागली. पुढे १७७६ साली ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने साखर, मद्य आणि तंबाखू या जिनसा जीवनावश्यक नसूनही सर्वत्र खपतात, म्हणून त्या करास अत्यंत योग्य होत, असे मत मांडले. त्याचा डोळा तिजोरीवर होता, जेम्सचा व्यसनावर. आजही प्रत्येक सरकारच्या मनात हे दोन्ही हेतू एकत्र नांदतात, आणि पुष्कळसा घोटाळा त्यातूनच होतो. कारण व्यसन खरोखरच सुटले तर तिजोरी रिकामी होणार.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. विडीचे एक बंडल २० रुपयांस विकते, त्यात कर ३ रुपये, आणि गावात दररोज १०० बंडले खपतात असे धरा. गिऱ्हाईक देते २००० रुपये. सरकारकडे ३०० जातात. उरलेले १७०० दुकानदार, कारखानदार, ठेकेदार, विडी वळणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा आणि तंबाखू पिकविणारा यांच्यात वाटले जातात. आता कर ३ चा ५ झाला आणि किंमत २२ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे आपल्यासारख्या देशांत तंबाखूची किंमत दहा टक्के वाढली तर खप सुमारे पाच टक्के घटतो. म्हणजे १०० ची ९५ बंडले झाली. गिऱ्हाईक देते २०९०, सरकारकडे जातात ४७५, आणि साखळीस उरतात १६१५. खप घटला आणि सरकारचे उत्पन्न मात्र १७५ रुपयांनी वाढले! हे १७५ आले कोठून? गिऱ्हाइकांनी ९० अधिक दिले आणि साखळीला ८५ कमी मिळाले. जमा आणि नावे जुळली. सरकारदप्तरी मात्र हा सगळा कर कारखानदाराच्या नावे भरला गेला अशी नोंद होते.

येथेच न थांबता आणखी एक पायरी पाहिली पाहिजे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कारखानदाराने किंमत २२ न करता २१ च केली, तर खप जेमतेम अडीच टक्के घटेल. पण बंडलामागे साखळीस १७ ऐवजी १६ च रुपये मिळतील. हा एक रुपया कोण सोसणार? कारखानदार प्रथम पाल्याच्या भावाकडे पाहील, मग हजारी मजुरीकडे. तेंदूपत्त्याचा भाव लिलावात आधीच ठरलेला असतो. दुकानदार दुसरा छाप विकू शकतो. वखारवाला माल वर्षभर ठेवू शकतो. परंतु ज्याच्या घरात सुकलेला पाला पडून आहे आणि डोक्यावर उचल आहे तो शेतकरी, आणि जिला दुसरे काम नाही ती विडी वळणारी बाई, यांना कोठे वळता येत नाही. धान्यपेठेतही आम्ही हेच पाहतो. अडत, हमाली, तोलाई कोणाच्याही नावे लिहा, अखेर ती त्याच्याच पट्टीतून वजा होते ज्याला माल परत घरी नेणे परवडत नाही.

वरील गोष्ट केवळ तर्काची नाही. १९४३ साली इंग्रज सरकारने तंबाखूच्या पाल्यावरच उत्पादनशुल्क बसविले. कर वजनावर होता. पाला तयार झाला की त्याची नोंद व्हायची, परवान्यावाचून तो हलवायचा नाही, कर भरेपर्यंत तो परवान्याच्या वखारीतच राहायचा, अशी ती व्यवस्था. आमचे वडील सांगत की शेतकऱ्याला पिकावरील किडीपेक्षा अबकारी अंमलदाराची धास्ती अधिक असे. १९७९ साली चौधरी चरणसिंग अर्थमंत्री असताना हा पाल्यावरील कर उठला आणि भार तयार मालावर गेला. आता शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळतील, असे आमच्या पेढीवर बसून पुष्कळांनी म्हटले होते. मी त्या सुमारास वडिलांच्या हाताखाली नुकता गादीवर बसू लागलो होतो, आणि मलाही तसेच वाटले.

परंतु दोनच वर्षांनी, मार्च १९८१मध्ये, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते हलले नाहीत. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. आमच्या खात्यावरची माणसे त्या रस्त्यावर होती. वडिलांनी त्या साली कित्येकांची बाकी पुढील वर्षावर ओढली. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

पाल्यावरील कर उठल्याचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोचला असता तर ही वेळ का यावी? विकणारे हजारो आणि घेणारे मोजके, अशा पेठेत कर बसला तर तो खाली उतरतो, आणि उठला तर त्याचा नफा वरच राहतो. हा धडा मी तेव्हा शिकलो. आपल्या समाजातही तंबाखूच्या वखारी असलेली घराणी आहेत. कोणास दूषण द्यावे या हेतूने हे लिहीत नाही. शास्त्रकारांनी पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. तंबाखू त्यात मोडते की नाही याचा निवाडा मुनिमहाराजांनी करावा, तो माझा अधिकार नव्हे.

आता ओढणाऱ्याची बाजू. आमच्या दुकानी एक वयस्कर हमाल होते. त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. एकदा विडी महागली तेव्हा मी म्हणालो, "मामा, आता तरी सोडा." ते हसून म्हणाले, "सावकार, सोडायची कशाला? आता अर्धी वढतो आन् अर्धी कानावर ठेवतो." मला वाटले, चला, निम्मा अपाय तरी टळला. परंतु डॉक्टर मंडळी सांगतात की तलफ असलेला माणूस कमी विड्या मिळाल्या तर प्रत्येक झुरका अधिक खोल घेतो. शिवाय विडी विझू नये म्हणून ती सिगारेटपेक्षा वारंवार ओढावी लागते. मामांचा खर्च कमी झाला, अपाय तितका कमी झाला असे म्हणवत नाही. जुन्या व्यसनी माणसावर कर असा अर्धवट चालतो. तो खरा चालतो तो ज्याला नुकते मिसरूड फुटले आहे आणि ज्याच्या खिशात पाच-दहा रुपयेच आहेत अशा मुलावर. त्याची सुरुवातच टळते. म्हणून केवळ यंदाचा खप मोजून कराचे फळ ठरवू नये.

पंधरा वर्षांवरील लोकांत तंबाखूचे कोणतेही सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१०च्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा ३४.६ होते, ते २०१६-१७च्या पाहणीत २८.६ झाले. याच काळात सिगारेट ओढणारे ५.७ वरून ४.० वर आले, विडी ओढणारे ९.२ वरून ७.७ वर. म्हणजे सिगारेटची घट जवळजवळ तीस टक्के, विडीची सुमारे सोळा. सिगारेटवर कराचा भार नेहमीच पुष्कळ जड राहिला आहे. एकट्या करानेच हे घडले असे मी म्हणणार नाही. परंतु आकड्यांचा कल दुर्लक्षिण्यासारखा नाही.

करात जेथे फट राहते तेथून माल वाहतो, हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. १९८७ पासून सिगारेटवरील उत्पादनशुल्क तिच्या लांबीवर ठरू लागले. १९९४ साली ६० मिलिमीटरच्या आतील साध्या सिगारेटला हलका दर मिळाला आणि आखूड सिगारेटी बाजारात आल्या. २०१२ साली ६५ मिलिमीटरपर्यंतच्या गाळणीवाल्या सिगारेटसाठी वेगळा दर आला, तर लागलीच ६४ मिलिमीटरची सिगारेट निघाली! विडीच्या बाबतीत वर्षाला २० लाखांपर्यंत हाताने वळलेल्या विड्या करणाऱ्यास उत्पादनशुल्क माफ असे. परिणामी एका मोठ्या कारखान्याऐवजी कागदोपत्री अनेक लहान कारखाने बरे, असा हिशेब होऊ लागला. गुटख्याचे तर आपण सीमेवर राहणाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. महाराष्ट्रात बंदी आली जुलै २०१२मध्ये, कर्नाटकात मे २०१३मध्ये. मधले दहा महिने एका बाजूस गुन्हा आणि चार मैलांवर उघड विक्री. पुढे दोन्हीकडे बंदी झाल्यावर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी विकली जाऊ लागली.

किरकोळ दुकानदाराविषयी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे पाहणीवाल्यांचे लक्ष कमी जाते. सुट्टी सिगारेट वा विडी पैशांत विकली जात नाही, रुपयांत विकली जाते. कर तीस पैशांनी वाढला तर सुटीचा भाव रुपयाने वाढतो. वरचे सत्तर पैसे साखळीत राहतात. तसेच अंदाजपत्रकाच्या आधी महिनाभर माल दाबून ठेवायचा, जुन्या करात घेतलेला नव्या भावात विकायचा, ही युक्ती पेठेत सर्वांना ठाऊक आहे. ती सफल झाली की शहाणपण, आणि फसली की सरकारचा जुलूम, असे आपण म्हणतो! दर पुढील काही वर्षांसाठी आधी जाहीर झाले तर हा जुगार आपोआप थांबेल असे माझे मत आहे.

विडी कामगारांच्या वाट्यास करातून काही आले ते एका निराळ्या मार्गाने. १९७६च्या कायद्याने विड्यांवर कल्याण उपकर बसला. त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने आणि त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या चालल्या. शेवटी तो हजार विड्यांस ५ रुपये इतका होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा इतर उपकरांबरोबर हाही गेला. विडीवर २८ टक्के कर बसला, परंतु त्यातला अमुक पैसा वळणारीचा, असे लिहिलेले राहिले नाही. तिजोरीत सर्व पाणी एकत्र झाले की कोणत्या विहिरीचे कोणते, हे सांगता येत नाही.

१ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेले दर असे आहेत : सिगारेटवर ४० टक्के आणि शिवाय लांबीनुसार हजारी उत्पादनशुल्क; विडीवर २८ चे १८ टक्के. तेंदूपत्त्यावरील करही १८ चा ५ झाला आहे. विडी ही गरिबांच्या रोजगाराची, म्हणून ही सवलत, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. रोजगाराची चिंता खरी आहे. आमच्याच गिऱ्हाइकांची घरे त्यावर आहेत. परंतु विडीचा अपाय सिगारेटपेक्षा कमी नाही, आणि सिगारेट महागली की ओढणारा सर्वस्वी सोडतोच असे नाही, पुष्कळदा तो स्वस्त धूर शोधतो. दहा टक्क्यांची ही सवलत विडी वळणारीच्या हजारी मजुरीत किती उतरली, शेतकऱ्याच्या पट्टीत किती, आणि वर किती थांबली, हे कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसणार नाही.

आमच्या पेठेत ते दिसेल. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी जेथे पाणी आले तेथे तंबाखूच्या जागी ऊस उभा राहिला, कोरड्या रानात सोयाबीन आले. तरी पाला पिकविणारी आणि विड्या वळणारी पुष्कळ घरे अजून आमच्या खात्यावर आहेत. १९७९चा अनुभव गाठीशी असल्याने या वेळी मी चिरंजीवांस सांगून त्या खात्यांची उधारी आणि वसुली निराळ्या पानांवर मांडून घेतली आहे. वर्षअखेर ती पाने ज्या सभासदांस पाहावयाची असतील त्यांनी नावे झाकून अवश्य पाहावीत.