प्रार्थनेत खचू नका



विधवा आणि अन्यायी न्यायाधीश यांचा दाखला (लूक १८:१-८) आपल्या परिचयाचा आहे. सदैव प्रार्थना करावी, खचू नये, हे शिकवण्यासाठी प्रभू येशूने तो सांगितला. परमेश्वर त्या न्यायाधीशासारखा आहे, मागे लागल्याशिवाय देत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. अन्यायी माणूसही शेवटी ऐकतो, मग प्रेमळ पिता ऐकणार नाही का?

तर मग उत्तराला उशीर का होतो? संत मोनिका (सण २७ ऑगस्ट) हिचे जीवन पाहा. तिचा मुलगा ऑगस्टीन श्रद्धेपासून दूर गेला होता. इ. स. ३८३ मध्ये तो रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून तिने कार्थेज बंदराजवळ संत सिप्रियनच्या प्रार्थनामंदिरात रात्रभर रडून प्रार्थना केली. सकाळी पाहते तो जहाज निघून गेले होते! परंतु त्याच प्रवासामुळे ऑगस्टीन पुढे मिलान येथे बिशप संत अँब्रोजपर्यंत पोहोचला आणि ३८७ साली ईस्टरच्या रात्री त्याचा स्नानसंस्कार झाला. त्या एका रात्रीची विनंती बाजूला ठेवून परमेश्वराने आईची कित्येक वर्षांची विनंती मान्य केली, अशी साक्ष ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवली आहे.

व्यसनी पती, मिस्साला न येणारा मुलगा, न जमणारे लग्न, अशा कितीतरी हेतूंसाठी आपल्या घरी रोझरी म्हटली जाते. उत्तर दिसत नाही म्हणून ती थांबवू नका. आपण मागत राहू या. वाट मात्र परमेश्वराला ठरवू द्या.