यंत्रबुद्धी आणि बॅरिस्टरांची चेंबर्स

इंग्लंडमध्ये बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करतात. त्यांपैकी अनेकजण एकत्र येऊन जागा व सेवकवर्ग यांचा खर्च वाटून घेतात. या व्यवस्थेस 'चेंबर्स' असे म्हणतात.

चेंबर्सचा दैनंदिन कारभार क्लार्क पाहतो. तो केवळ लेखनिक नव्हे. कोणते प्रकरण कोणास झेपेल, फी किती असावी, दोन न्यायालयांच्या तारखा एकाच दिवशी आल्यास मार्ग कसा काढावा, याचा विचार त्यालाच करावा लागतो. त्यासाठी माणसांची पारख लागते.

तारखांची नोंद, कागदपत्रांची वर्गवारी, दीर्घ दस्तऐवजांचा सारांश ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू शकते. त्यामुळे वेळ वाचतो, हे निर्विवाद. परंतु यंत्राने लिहिलेले वाक्य सुबक असले तरी ते सत्य असेलच, असे नाही.

लंडनच्या उच्च न्यायालयाने ६ जून २०२५ रोजी दिलेला निकाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका प्रकरणात अशिलाने यंत्रसाहाय्याने जमविलेले आधार सॉलिसिटरने न तपासता न्यायालयापुढे मांडले. त्यांतील ४५ निवाड्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते! आधार पडताळण्याचे कर्तव्य वकिलाचेच असून, ते पाळले जावे यासाठी चेंबर्सच्या प्रमुखांनीही प्रत्यक्ष उपाय योजावेत, असे न्यायालयाने बजावले.

तात्पर्य, नोंद यंत्राने ठेवावी, पडताळणी व निर्णय माणसाने करावा. दंड अखेर माणसालाच होतो, यंत्राला नव्हे.