आजचं चिंतन: गीता, अध्याय २, श्लोक १३
रत्नागिरीच्या घरी जुने फोटो स्कॅन करत होतो. परकर-पोलक्यातल्या आजीचा एकुलता एक फोटो दमट हवेने फ्रेमच्या काचेलाच चिकटलेला. ओढला असता तर चेहराच गेला असता. म्हणून काचेसकट स्कॅनरवर ठेवला, ६०० डीपीआयला.

आजी हल्ली मला ओळखत नाही. मी रोज विचारायचो, "आजी, मी कोण?" ती गप्प. काल मात्र स्क्रीनवरच्या त्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच."

हा श्लोक तेच सांगतो: बालपण, तारुण्य, म्हातारपण देहाचं, आतला देही तोच. मला पाठ होता, कळला काल.

आता तिची परीक्षा घेत नाही. जवळ बसतो, नाव मीच सांगतो. आज आपणही घरातल्या थकलेल्या माणसापाशी दहा मिनिटं असंच बसूया.